माशाच्या अंगावरचा चिकटा, कोळंबीचे रोग आणि बाटलीतले औषध

पंढरपूर–टेंभुर्णी रस्त्यावरील करकंब येथील आमच्या एका बुजुर्ग वाचकांनी आमच्याकडे विचारणा केली आहे. हे गृहस्थ बागवान बिरादरीतील असून द्राक्ष आणि डाळिंबाच्या व्यापारात त्यांची हयात गेली. त्यांच्या नात्यातील एका तरुणाने समुद्रकिनाऱ्यावर कोळंबीचे तळे भागीत घेण्याचे ठरविले आहे आणि हंगामात जमलेली रक्कम त्यात घालण्याची गळ तो या चाचांना घालीत आहे. त्यांना काळजी पडली ती रोगाची. एका हंगामात तळेच्या तळे मरून जाते, असे त्यांनी ऐकले होते. त्यावर त्या तरुणाने एक बाटली आणून दाखविली. तिच्यात माशाच्या अंगावरील चिकट्यापासून काढलेला अर्क आहे, तो तळ्यात टाकला की कोळंबीला जंतूंचा रोग होत नाही, असे विकणाऱ्याचे म्हणणे. चाचांचा आम्हाला प्रश्न सरळ होता, "साहेब, ही बाटली खरी की खोटी, एवढेच सांगा."

बाटली आम्ही तपासलेली नाही, म्हणून तिच्याविषयी काही म्हणता येणार नाही. मात्र ज्या गोष्टीचे नाव घेऊन ती विकली जाते, ती गोष्ट खोटी नाही. तिच्यामागे चांगले शास्त्र आहे. अडचण शास्त्र आणि तळे यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्याची आहे. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी अनेकांचा संबंध मासळी, सुकट, सोडे यांच्या धंद्याशी येतो, आणि अलीकडे शेततळ्यातील मत्स्यपालनाकडेही लोक वळत आहेत. म्हणून हा विषय थोडा विस्ताराने मांडत आहोत.

आधी चिकटा म्हणजे काय ते पाहू. बाजारात जिवंत मरळ किंवा वांब घेताना विक्रेता हाताला राख लावून मासा धरतो, हे सर्वांनी पाहिले आहे. राख लावली नाही तर मासा हातातून निसटतो. हा बुळबुळीतपणा आपण घाण समजून धुऊन टाकतो, पण माशाच्या दृष्टीने तो त्याचा अंगरखा आहे. मासा चोवीस तास पाण्यात असतो आणि पाण्याच्या प्रत्येक थेंबात असंख्य जंतू असतात. आपली कातडी वरून कोरडी व मेलेल्या पेशींची असते, माशाची वरची कातडी जिवंत पेशींची असते. तिच्यात चिकटा तयार करणाऱ्या खास पेशी असतात. त्यांतून हा स्राव सतत पाझरतो, जंतूंना आपल्यात अडकवतो आणि त्यांच्यासकट पाण्यात गळून जातो. लगेच खालून नवा थर येतो. दुकानाच्या ओट्यावर सारखे पाणी वाहते ठेवले तर धूळ बसत नाही, तसाच हा प्रकार आहे.

परंतु एवढेच असते तर शास्त्रज्ञ त्याच्या मागे लागले नसते. या चिकट्यात जंतूंना मारणारे पदार्थही असतात. त्यांतील एक म्हणजे लायसोझाइम. हाच पदार्थ आपल्या अश्रूंत आणि कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या भागात असतो. १९२२ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी तो दाखवून दिला, म्हणजे त्यांच्या पेनिसिलिनच्याही आधी. तो जंतूच्या बाहेरील भिंतीचे धागे तोडतो. याशिवाय चिकट्यात प्रतिपिंडे असतात, प्रथिने कापणारी रसायने असतात आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पेप्टाइड नावाचे प्रथिनांचे आखूड तुकडे असतात.

या पेप्टाइडांचे काम समजण्यास सोपे आहे. त्यांच्या अंगी धन विद्युतभार असतो आणि जंतूच्या बाहेरच्या पापुद्र्यावर ऋण भार असतो. चुंबकाने खिळा ओढावा तसे ते जंतूला जाऊन चिकटतात, पापुद्र्यात घुसतात आणि त्याला भोके पाडतात. आतला माल बाहेर गळतो व जंतू मरतो. नेहमीची प्रतिजैविके बहुधा जंतूच्या एखाद्याच यंत्राला पकडतात आणि जंतू ते यंत्र बदलून निसटतो. येथे सगळी पिशवीच फाटते. ती पिशवी बदलणे जंतूला अवघड जाते, अशक्य मात्र नाही.

१९९७ साली हिवाळी फ्लाउंडर नावाच्या चपट्या माशाच्या अंगावरील चिकट्यातून प्लूरोसिडिन नावाचे असे पेप्टाइड वेगळे काढण्यात आले. हा मासा आपल्या कोकणातल्या लेपीसारखा चपटा असतो. पुढील वर्षी, १९९८ मध्ये, कोरियातील संशोधकांनी तेथील एका मिशावाल्या माशाच्या चिकट्यातून पॅरासिन काढले. हा मासा आपल्या मागूरसारखा बिनखवल्याचा. त्याची गंमत अशी की माशाच्या कातडीला जखम झाल्यावर ते तयार होते. पेशीच्या आत जे प्रथिन एरवी वेगळ्याच कामाला असते, त्याचाच एक तुकडा कापून जंतूंवर सोडला जातो. २००१ मध्ये पिसिडिन हा गट सापडला, आणि पुढे तैवानमध्ये तिलापियाच्या पिसिडिनांवर बरेच काम झाले. तिलापिया म्हणजे उजनीच्या पाण्यातली आपली चिलापी. भिगवणच्या बाजारात जिचे ढीग पडतात आणि जिला जाणकार गिऱ्हाईक नाक मुरडते, तीच. आपल्याकडे मरळ, मागूर, रोहू, कटला यांच्या चिकट्यावरही प्रयोगशाळांतून काम झाले आहे आणि काही जंतूंची वाढ त्यामुळे थांबते असे दिसले आहे.

आता कोळंबीकडे वळू. किनाऱ्यावरील तळ्यांत पूर्वी वाघी कोळंबी वाढवीत. १९९४ नंतर पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने आंध्र, तामिळनाडूकडील तळी उद्ध्वस्त केली. पुढे २००९ मध्ये व्हनामी या मूळच्या प्रशांत महासागराच्या अमेरिकी किनाऱ्यावरील जातीला भारतात परवानगी मिळाली आणि आज निर्यातीत तिचाच वाटा मोठा आहे. ही कोळंबी तीन ते चार महिन्यांत विक्रीयोग्य होते. पैसा लवकर फिरतो, आणि आपल्या लोकांना भुरळ पडते ती यामुळेच.

येथे एक फरक पक्का ध्यानात ठेवावा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणूचा आहे. ईएचपी नावाचा वाढ खुंटविणारा रोग बुरशीच्या जवळच्या परजीवीचा आहे. या दोहोंचा जंतूंशी, म्हणजे बॅक्टेरियाशी, संबंध नाही. जो कोणी एकाच बाटलीने हे सर्व रोग जातील असे सांगतो, त्याच्याशी पुढे बोलण्यात वेळ घालवू नये.

जंतूंच्या रोगांत मुख्य म्हणजे विब्रिओ या कुळातील जंतू. पटकीचा जंतूही याच कुळातला. खाऱ्या व मचूळ पाण्यात ते नेहमीच असतात, त्यांना हाकलून देता येत नाही. विब्रिओ हार्वेयी हा जंतू अंधारात चमकतो. रोग बळावला की रात्री तळ्याचे पाणी आणि मरणारी कोळंबी हिरवट-निळी उजळते. अंडी उबविण्याच्या केंद्रांत तर त्याने टाक्याच्या टाक्या पिल्ले मरतात. दुसरा विब्रिओ पॅराहीमोलिटिकस. याच्या काही जातींनी २००९ च्या सुमारास चीनमध्ये, मग व्हिएतनाम व थायलंडमध्ये आणि २०१३ मध्ये मेक्सिकोत कहर केला. बी सोडल्यापासून पहिल्या महिन्यातच कोळंबी मरू लागे, म्हणून त्याला लवकर मरणाचा रोग असेच नाव पडले. कारण कोणालाच कळेना. अखेर २०१३ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठातील डोनाल्ड लाइटनर यांच्या गटाने हा जंतू पकडला. त्याचे विष कोळंबीच्या यकृतासारख्या इंद्रियाच्या पेशी झडवून टाकते, ते इंद्रिय फिकट व आकसलेले दिसते.

माशाला, कोंबडीला, जनावराला लस टोचता येते. कोळंबीला तशी लस देता येत नाही, कारण तिच्या अंगी प्रतिपिंडे तयारच होत नाहीत. आजार आठवणीत ठेवून पुढच्या वेळी सज्ज राहणारी व्यवस्था तिच्यात आपल्यासारखी नाही. तिचे संरक्षण म्हणजे कवच, रक्तातील काही पेशी आणि तिची स्वतःची थोडी पेप्टाइडे. कात टाकताना कवच मऊ असते आणि नेमक्या त्याच वेळी जंतू शिरतात. म्हणून तळेवाले प्रतिजैविकांकडे वळले, आणि त्यातून दुसरे संकट उभे राहिले.

क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारख्या औषधांचा अंशही कोळंबीत सापडला तर युरोपात माल अडतो. २००२ मध्ये चीन व थायलंडच्या मालावरून हे प्रकरण गाजले. भारतीय संवर्धित कोळंबीच्या बाबतीत युरोपीय संघाने २०१६ मध्ये तपासायच्या खेपांचे प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले. एका तळ्यातल्या माणसाने केलेली चोरी साऱ्या निर्यातदारांच्या अंगावर येते ती अशी. शिवाय अशी औषधे सतत पाण्यात पडली की जंतू त्यांना दाद देईनासे होतात. तळ्यातील जंतूंनी शिकलेली ही विद्या माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूंपर्यंतही पोहोचते.

तेव्हा प्रतिजैविकाशिवाय विब्रिओ दाबणारी वस्तू हवी, ही गरज खरी आहे. माशाच्या चिकट्याकडे लोक त्यामुळेच आशेने पाहतात.

मग अडते कुठे? प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जंतू वाढवितात, मध्ये अर्काचा थेंब ठेवतात आणि भोवती जंतू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ किती रुंद पडले ते मोजतात. वर्तुळ पडले की बातमी छापून येते. पण बशी म्हणजे तळे नव्हे. आम्ही एक साधा हिशेब मांडून पाहिला. एक एकराचे तळे, चार फूट पाणी, म्हणजे सुमारे ४९ लाख लिटर. समजा, एका लिटरला शुद्ध पदार्थ १० मिलिग्रॅम लागला. तरी एका वेळेला ४९ किलो शुद्ध पेप्टाइड हवे. माशाचा चिकटा बहुतांश पाणीच असतो आणि उरलेल्यात जंतुनाशक भाग अगदी थोडा. इतका माल काढायला मासळी किती लागेल याचा अंदाज वाचकांनीच करावा. एक लिटरच्या बाटलीत असे काय असेल की ते ४९ लाख लिटरांना पुरावे? अत्तराचा फाया सगळ्या जामा मशिदीला पुरत नाही.

दुसरी गोष्ट मिठाची. यातील पुष्कळ पेप्टाइडे खाऱ्या पाण्यात मंदावतात, कारण जंतूला चिकटण्याचे त्यांचे काम विद्युतभारावर चालते आणि मिठाचे कण मध्ये येतात. प्लूरोसिडिनसारखी काही बरेच मीठ सोसतात, सगळी नाही. तिसरी गोष्ट लायसोझाइमची. विब्रिओच्या भिंतीबाहेर आणखी एक आवरण असल्याने ते एकट्याने त्याच्यावर फारसे चालत नाही. पाण्याऐवजी खाद्यातून द्यावे म्हटले तर पेप्टाइड हे प्रथिनच, कोळंबीच्या पोटात ते पचून जाण्याची भीती. म्हणून संशोधक ते यीस्टकडून तयार करून घेणे, लेप देऊन खाद्यात घालणे अशा वाटा शोधत आहेत. त्यांचा खर्च अजून तळ्याच्या हिशेबात बसत नाही.

आणि चौथी गोष्ट, जी बाटलीवाले कधी सांगणार नाहीत. चिकटा म्हणजे जंतूंना मारणारा रस तसा जंतूंना खाद्यही आहे. विब्रिओ अँग्विलारम नावाचा जंतू माशाच्या चिकट्याकडे ओढला जातो आणि त्यावर पोसतो, हे दिसून आलेले आहे. चांगला अर्क जिवंत, निरोगी माशापासून काढावा लागतो आणि लगेच थंड करावा लागतो. बाजारातील मेलेल्या मासळीच्या टोपल्यांतले निथळलेले पाणी गाळून बाटलीत भरले तर ते औषध होत नाही. ते तळ्यात ओतणे म्हणजे शत्रूला दस्तरखान मांडून देणे आहे.

यातून कोणी असे समजू नये की सारे व्यर्थ आहे. एका ठिकाणी गरीब तळेवाल्यांनी या गोष्टीचा उपयोग बाटलीशिवाय करून घेतला, आणि ती हकीकत आम्हाला या साऱ्या विषयात सर्वांत मोलाची वाटते. फिलिपाइन्समधील नेग्रोस बेटावर चमकणाऱ्या विब्रिओने नव्वदीच्या दशकात वाघी कोळंबीची तळी बसविली. तेथील लोकांनी चिलापी वाढविलेल्या तळ्याचे हिरवट पाणी कोळंबीच्या तळ्यात घेण्यास सुरुवात केली. काहींनी कोळंबीच्या तळ्यातच जाळ्याचा पिंजरा करून चिलापी ठेवली. चमकणारा जंतू कमी झाला. याला ते हिरव्या पाण्याची पद्धत म्हणतात. हे का घडते, याचा शोध इलोइलोजवळील आग्नेय आशियाई मत्स्यविकास केंद्राच्या संशोधकांनी घेतला आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या पाण्यातील पुष्कळसे जंतू, काही बुरश्या आणि काही शेवाळे हार्वेयीला वाढू देत नव्हती. आणि चिलापीच्या कातडीवरील चिकट्यात तो जंतू सोडला असता काही तासांत तो सापडेनासा होत होता.

म्हणजे काम एकट्या चिकट्याचे नव्हते. जिवंत मासा रोज ताजा चिकटा पाण्यात सोडतो, तळाची घाण खातो, त्याच्या विष्ठेने शेवाळ वाढते, त्याच्याबरोबरचे जंतू विब्रिओची जागा अडवितात. चाळीस पायांनी चालणाऱ्या गोमेचा एकच पाय तोडून आणून त्याला चाल म्हणून विकावे, तसे त्या बाटलीचे आहे. चिलापी मात्र खरोखर चालते. अर्थात तिलाही मर्यादा आहेत. विषाणूच्या रोगावर ती हमी नाही, आणि मोकाट सोडली तर ती कोळंबीचेच खाद्य खाते. म्हणून ती पिंजऱ्यात किंवा वेगळ्या तळ्यात ठेवतात. आपल्याकडे चिलापीच्या संवर्धनाला शासनाचे नियम लागू आहेत. थाई मागूर तर २००० सालापासून बंदी असलेला मासा आहे. चिकट्याच्या नावाखाली कोणी तो पाळावयास सांगितला तर साफ नकार द्यावा.

करकंब परिसरातील ज्यांच्याकडे द्राक्षबागेसाठी प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी आहेत, त्यांनीही एक ध्यानी घ्यावे. हे गोडे पाणी आहे. हरियाणा, पंजाबकडे खारावलेल्या जमिनीतील पाण्यावर व्हनामी वाढवितात, पण तेथे पाण्यातच क्षार आहेत आणि कमी पडणारे पोटॅशियमसारखे क्षार वरून घालतात. आपल्या शेततळ्यात समुद्री कोळंबीचे बी सोडण्याआधी सोलापूरच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन परवानगीची चौकशी करावी. रोहू, कटला यांच्यावर तूर्त समाधान मानलेले बरे, असे आमचे मत आहे.

आता त्या चाचांच्या रकमेविषयी. बाटली विकणाऱ्याला त्यांनी विचारावे की कोणत्या जंतूवर, किती खाऱ्या पाण्यात आणि जिवंत कोळंबीवर प्रयोग झाला काय. रोगाचा जंतू सोडून, एका टाकीत औषध आणि दुसरीत नुसते पाणी, असे करून दोन्हीकडे किती जगल्या? याचा कागद दाखवा म्हणावे. बशीतील वर्तुळाचा फोटो हा कागद नव्हे. मालात प्रतिजैविक नसल्याचे चेन्नई येथील कोस्टल ॲक्वाकल्चर ॲथॉरिटीचे प्रमाणपत्र आहे काय, हेही पाहावे. ही शंका उगाच नाही. जैविक म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रवात गुपचूप प्रतिजैविक मिसळलेले असेल तर गुण दिसेल, पण माल परदेशात अडेल. तळ्याची नोंदणी याच ॲथॉरिटीकडे आहे का, आणि बी रोगमुक्त तपासणीचे आहे का, या दोन गोष्टी बाटलीपेक्षा शंभर पटीने महत्त्वाच्या आहेत. व्हनामीसाठी एका चौरस मीटरला ६० पिल्लांची मर्यादा नियमात आहे. त्याहून दाट सोडणाऱ्या तळ्यात कोणतेच औषध फार काळ टिकाव धरीत नाही.

भागीदारीचा करार तोंडी ठेवू नये. एकाचा पैसा आणि दुसऱ्याची मेहनत अशी मुदारबत असेल तर नफा ठरलेल्या हिश्श्याने वाटला जातो, पण तोटा भांडवलवाल्याचा असतो. मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया जाते, एवढेच त्याचे नुकसान. हलगर्जी त्याची असली तर गोष्ट वेगळी. कोळंबी रोगाने मेली तर ती हलगर्जी धरायची की आफत, हे आधी लिहून ठेवावे. बी कोठून आणायचे, दाटी किती ठेवायची, कोणते औषध वापरायचे नाही, ही कलमे त्यात असली की नंतर नात्यात वितुष्ट येत नाही. ठराविक रकमेच्या नफ्याची हमी कोणी देत असेल तर तो करार मुदारबतीचा राहत नाही.

चाचांनी पत्राच्या शेवटी आणखी एक विचारले आहे, ते म्हणजे झिंगा खाणे व त्याचा व्यापार जायज आहे काय. कोकणातील आपल्या शाफई बांधवांना हा प्रश्नच पडत नाही. हनफी उलेमांत झिंगा मासळीत मोडतो की नाही यावर मतभेद आहेत, अनेकांनी तो जायज मानला आहे तर काहींनी टाळण्यास सांगितले आहे. या पानावर आम्ही व्यापाराचे बोलतो, मसला सांगण्याचा अधिकार आमचा नाही. त्यांनी आपल्या मुफ्तीसाहेबांकडून खात्री करून घ्यावी आणि तीही रक्कम देण्याच्या आधी.

बाटलीचे लेबल आणि तळ्याच्या नोंदणीची प्रत त्यांनी आमच्याकडे पाठविल्यास इन्शाअल्लाह आम्ही ती जाणकारांना दाखवू. तोपर्यंत बयाणा देऊ नये.